विठाबाईंचे बाळंतपण आणि आपली चळवळ

जयंतीच्या तयारीसाठी खारघरमध्ये आमची बैठक बसली होती. मिरवणुकीचा खर्च, डीजे हवा की नको, वर्गणी कोणाची राहिली, हे नेहमीचे वाद आटोपल्यावर चित्रप्रदर्शनाचा विषय निघाला. आपल्या इतिहासातल्या बारा स्त्रियांचे बारा फलक लावायचे ठरले होते. सावित्रीमाई, फातिमा शेख, मुक्ता साळवे, रमाई, जाईबाई चौधरी, शांताबाई दाणी अशी नावे भराभर आली. अकरा झाली. बारावे मी सुचवले: विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग इंजिनीअरिंगला असलेला एक मुलगा म्हणाला, "ताई, बाबासाहेबांनी पठ्ठे बापूरावांचे पैसे नाकारले होते. आणि आपण तमाशातल्या बाईचा फोटो लावायचा?" दुसऱ्याने मोबाईलवर बातमी दाखवली. हिंदीत विठाबाईंवर चित्रपट होतोय, श्रद्धा कपूर त्यांची भूमिका करतेय. "बॉलिवूडवाले करतायत ना त्यांचं कौतुक, आपण कशाला?" आणि मागच्या खुर्चीवरून एक काका हळूच पुटपुटले, "तशाही त्या आपल्यातल्या नाहीत."

बैठकीत मला धड उत्तर देता आले नाही. राग आला की माझे असेच होते. म्हणून हे लिहिते आहे, आणि त्या मुलाचा आक्षेप हलक्यात न घेता लिहिते आहे, कारण तो आक्षेप चुकीच्या जागेवरून आलेला नाही.

आधी बाई कोण होत्या ते पाहू. विठाबाईंचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. त्यांचे घराणे मूळचे शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे. आजोबा नारायण खुडे यांनी तमाशाचा फड उभा केला, वडील आणि चुलते यांनी तो गाजवला. फडाचे नाव होते 'भाऊ बापू मांग नारायणगावकर'. पुढे विठाबाईंचे स्वतःचे नावही याच चालीवर फलकावर आले, वडिलांचे नाव, जात आणि गाव.

या नावापाशी थोडे थांबू. पठ्ठे बापूराव जन्माने श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. तमाशात आल्यावर त्यांनी 'कुलकर्णी' मागे ठेवले आणि 'पठ्ठे बापूराव' झाले. जात सोडून कलेत शिरण्याची मुभा त्यांना होती, आणि त्या सोडण्याचे कौतुक मराठी साहित्य आजवर करत आले आहे. भाऊ-बापूंना ती मुभा नव्हती. त्यांची जात गावोगावच्या भिंतींवर चिकटवलेल्या जाहिरातीत होती. प्रेक्षकाला आधीच कळायचे की आज रात्री कोण नाचणार आहे आणि तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहायला परवानगी आहे. सिनसिनाटी विद्यापीठातल्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या २०२२ च्या पुस्तकात नेमके हेच मांडले आहे. अश्लीलता नाचात नसते, ती जातीने त्या बाईच्या अंगावर आधीच लावलेली असते, असा त्यांच्या म्हणण्याचा मी घेतलेला अर्थ. पाईक यांना २०२४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पुस्तक किती जणांनी उघडले हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते.

विठाबाई शाळेत रमल्या नाहीत. फडातच वाढल्या, गण, गवळण, लावणी, भेदिक ऐकत ऐकत शिकल्या. ढोलकीफडाच्या तमाशात बाईला नुसते नाचून चालत नाही. गवळणीत गावे लागते, बतावणीत सोंगाड्याला तोडीस तोड उत्तर द्यावे लागते आणि उत्तररात्री वगात दोन-तीन तास अभिनय करावा लागतो. आज टीव्हीवर गाणारी वेगळी, नाचणारी वेगळी, मालिकेत काम करणारी वेगळी. विठाबाई हे सगळे एकाच रात्री, माईक असो नसो, हजारोंच्या समोर करत. १९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांना राष्ट्रपती पदके मिळाली. मधल्या तेहतीस वर्षांत ट्रक, राहुट्या, रोज नवे गाव. हंगामाआधी फडमालक व्याजाने पैसे उचलणार आणि कलावंत फडमालकाकडून उचल घेणार. एखाद्या जत्रेत पाऊस पडला, सुपारी बुडाली की ती उचल पुढच्या वर्षावर जाते. हा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो. आपण दसऱ्याला दीक्षाभूमीवर असतो आणि बुद्धपौर्णिमेला विहारात. त्या दोन दिवसांच्या मधे हे सगळे चाललेले असते, हे मला बरीच वर्षे ठाऊकही नव्हते.

आता ती गोष्ट, जी विठाबाईंचे नाव निघाले की हमखास सांगितली जाते. नऊ महिने भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि उरलेला खेळ करायला पुन्हा बाहेर आल्या. पोट दिसेना तेव्हा प्रेक्षकांच्या लक्षात आले, त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला.

ही गोष्ट भाषणात, लेखात, रीलमध्ये सगळीकडे एकाच शब्दावर संपते, 'कलानिष्ठा'. टाळ्या पडतात. मला त्या टाळ्यांचा त्रास होतो. गिरणीत साच्यावर उभी असलेली बाई बाळंत होऊन पुन्हा साच्यावर गेली असती, तर आपण 'वस्त्रनिष्ठा' म्हणालो असतो का? आपण विचारले असते की मुकादम कोण होता, रजा का नव्हती, त्या दिवशीचा खाडा धरला तर तिच्या घरात काय शिजले असते. बाई नाचणारी असली की हे प्रश्न कुठे जातात? खारघरच्या टॉवरांत काम करायला कोपरा, बेलपाडा, ओवे भागातून बायका येतात. कामानिमित्त मला भेटणाऱ्या कितीतरी जणी बाळंतपणानंतर महिन्याच्या आत भांड्यांना लागतात, कारण नाहीतर काम दुसरीला जाते. त्यांना कोणी 'भांडीनिष्ठ' म्हणत नाही. विठाबाई त्या रात्री पुन्हा बोर्डावर का गेल्या असतील हे या बायकांना समजावून सांगावे लागणार नाही.

आणि हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. १८५५ मध्ये जोतिराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. त्यात तिने आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते आणि थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हे लिहिले आहे. मुक्ता मातंग होती. त्यानंतर शंभर वर्षांनी त्याच समाजातली, राष्ट्रपतींनी गौरवलेली कलावंत कनातीच्या आडोशाला बाळंत झाली. छपराच्या जागी पडदा आला, एवढाच फरक. मुक्ताचा फलक आपण दरवर्षी लावतो आणि विठाबाईंचा लावायला कचरतो, तेव्हा मुक्ता काय लिहून गेली ते आपण वाचले आहे का अशी शंका येते.

या दोघींच्या मधे बाबासाहेब आहेत. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे देशाच्याच हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पण बाईच्या श्रमातून मालकाला फायदा होतो तेव्हा त्यानेही वाटा द्यावा, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातली दुरुस्तीही त्यांनीच मांडली. १९६१ मध्ये देशभरासाठी प्रसूती लाभ कायदा आला. त्याच्या कलम २ मध्ये कारखाने, खाणी, मळे यांच्यासोबत १९७३ च्या दुरुस्तीने आणखी एक प्रकार घातला गेला: घोडेस्वारीच्या, कसरतीच्या आणि इतर प्रयोगांसाठी माणसे कामाला ठेवणाऱ्या आस्थापना. घालणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सर्कस असणार. पण 'इतर प्रयोग' हे शब्द तिथे होते. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. ते प्रयोगच करतात, तिकीट लावून करतात. त्या कायद्याच्या अक्षरात तमाशातली बाई बसू शकत होती. तिला कोणी बसवले नाही, कारण ती कामगार आहे हे सरकारला सुचले नाही आणि आपल्यालाही सुचले नाही. एम.ए.ला असताना हे कलम मी पाठ केले होते. विठाबाईंचा विचार तेव्हा माझ्याही डोक्यात आला नव्हता.

इथे तो इंजिनीअरिंगचा मुलगा मला अडवेल, आणि अडवायलाच हवे. पवळा संगमनेरकडच्या हिवरगावची, महार समाजातली, तमाशाच्या बोर्डावर नाव काढणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी. ती आणि पठ्ठे बापूराव यांची जोडी प्रचंड गाजली. बापूरावांनी चळवळीसाठी पैसे देऊ केले तेव्हा आमच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, ही आठवण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज आणि कामाठीपुऱ्यातल्या बायका यांच्यासमोर बाबासाहेब बोलले, ते तर नोंदलेलेच आहे. हे जिणे सोडा असे त्यांनी निक्षून सांगितले. मग पोट कसे भरायचे असे तुम्ही विचाराल, ते मी सांगणार नाही, शेकडो मार्ग आहेत, पण हे सोडलेच पाहिजे, असा त्या भाषणाचा सूर आहे.

ही भूमिका मला मान्य आहे. अर्धवट मान्य वगैरे नाही. पेशवाईत कुणबिणींच्या देहावर दरबाराची मौज चालली होती. शर्मिला रेगे यांनी लावणीच्या इतिहासात खालच्या जातींतल्या बायकांच्या श्रमावर आणि देहावर वरच्या जातींनी कसा हक्क सांगितला ते उलगडून दाखवले आहे. ज्या व्यवसायात जन्मानेच बाई ढकलली जाते, तो परंपरा म्हणून जपायचा नसतो. 'आपली लोककला जगली पाहिजे' असे जे लोक म्हणतात त्यांच्या मुली त्या राहुटीत झोपत नाहीत.

पण नकार कशाला होता, हे नीट पाहा. बाबासाहेबांनी पैसा नाकारला तो बापूरावांचा, पवळेच्या कष्टावर बापूरावांना मिळालेला. परळला ते त्या बायकांसमोर गेले, त्यांच्याशी समोरासमोर बोलले. नायगावला महार परिषदेत धर्मांतराचा विचार मांडून जेमतेम पंधरवडा उलटला होता, तेव्हा त्यांना वेळ काढून तिथे जावेसे वाटले. आपण काय केले? आपण त्या बायकांसमोर जाणेच बंद केले. 'सोडा' हा शब्द लक्षात ठेवला आणि शेकडो मार्ग शोधून द्यायचे काम, जे त्यांच्या मागच्यांचे होते, ते विसरलो.

जलशांचेही असेच झाले. भीमराव कर्डकांच्या आणि इतरांच्या जलशांनी तमाशाचा साचा घेतला, ढोलकी घेतली, बतावणी घेतली, गवळण आणि शृंगार काढून टाकला. त्या जलशांनी खेड्यापाड्यात बाबासाहेब पोचवले, त्यांचे ऋण फिटणारे नाही. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. सुरुवातीच्या जलशांत बाईचे सोंग बहुधा पुरुषच घेत. कला शुद्ध करून घेतली, वाद्ये घेतली, आणि जिने ती कला रात्र-रात्र उभी राहून पेलली तिला बाहेर ठेवले. त्या काळात कदाचित दुसरा मार्ग नव्हता, बाईला बोर्डावर आणले असते तर गावाने तिला तमाशातलीच मानले असते. १९३० च्या दशकात हे समजू शकते. आज नाही.

आपल्या पनवेलचे उदाहरण घ्या, म्हणजे हा जुना विषय वाटणार नाही. २००५ मध्ये राज्यभरातल्या डान्स बारवर बंदी आली. पनवेल परिसरातले बार तेव्हा विधानसभेतही गाजले होते. मी कॉलेजला जाण्याच्या वयाची होते, हायवेवरचे ते दिवे बसमधून दिसायचे. बंदी घालताना तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट ठेवली होती. म्हणजे गरिबाची पोर गरिबासमोर नाचली तर संस्कृती बुडते, श्रीमंतासमोर नाचली तर नाही. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती तरतूद रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. त्या वेळी आपल्यातले बरेच जण बंदीच्या बाजूने होते आणि त्यांचे कारण मला पटते: या कामात कोणत्या जातींच्या पोरी येतात हे डोळ्याआड करून 'निवडीचे स्वातंत्र्य' बोलणाऱ्यांचा मलाही राग येतो. पण बार बंद झाले त्या दिवशी त्या पोरींच्या हातात काय ठेवले, हे ना मंत्रालयाने विचारले, ना आपल्या मोर्च्याने. पोट कसे भरायचे हा १९३६ चा प्रश्न २००५ मध्ये जसाच्या तसा हायवेच्या कडेला उभा होता.

विठाबाईंच्या शेवटाकडे येते. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. आजारपणात पैशांची चणचण होती. दवाखान्याचे बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावे लागले. दोन राष्ट्रपती पदके मिळालेली बाई. चार वर्षांनी, २००६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्यांची कन्या मंगला बनसोडे पुढे त्याच पुरस्काराच्या मानकरी झाल्या. कांताबाई सातारकरही मानकरी होत्या, त्या २०२१ मध्ये कोरोनाने गेल्या. कोरोनात लागोपाठ दोन वर्षे जत्रा बंद राहिल्या, फडांचे दोन हंगाम बुडाले, उचल मात्र कागदावर तशीच. शासनाची वृद्ध कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे, नाही असे नाही. पण त्यासाठी वर्षानुवर्षे कलेत काम केल्याचे पुरावे जोडावे लागतात. फडात आयुष्य काढलेल्या बाईकडे कुठली वेतनचिठ्ठी असणार? मी अशा दोघींचे अर्ज भरले आहेत. एकीकडे पुरावा म्हणून जत्रेची एक जीर्ण जाहिरात निघाली, त्यात तिचे नाव 'आणि इतर' मध्ये होते.

टीव्हीवर लावणीच्या स्पर्धा होतात त्यात नाचणाऱ्या मुलींबद्दल माझी तक्रार नाही. मेहनत करतात, छान नाचतात. परीक्षक 'नजाकत', 'अदब' म्हणतात आणि शिट्टी वाजवणाराही सभ्य ठरतो. तीच शिट्टी जत्रेत वाजली की बाई वाईट ठरते. श्रद्धा कपूर चित्रपटात नाळ तोडण्याचा प्रसंग करील तेव्हा थिएटरात लोक रडतील, आणि तो प्रसंग पुन्हा 'कलानिष्ठे'वर संपेल याची मला जवळजवळ खात्री आहे. म्हणूनच 'बॉलिवूडवाले करतायत ना' हे उत्तर चालणार नाही. योगिराज बागूल यांनी विठाबाईंचे चरित्र मराठीत लिहून ठेवले आहे, 'तमाशा: विठाबाईच्या आयुष्याचा'. ते आधी वाचावे.

राहिले काकांचे वाक्य. ते मला सगळ्यात जास्त लागले, कारण ते हळू आवाजात बोलले गेले. १ ऑगस्ट २०२४ रोजी, नेमके अण्णाभाऊंच्या जयंतीला, अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल आला. तेव्हापासून आपल्या आणि मातंग समाजाच्या कार्यकर्त्यांमध्ये काय चालले आहे ते सगळ्यांना माहीत आहे. उपवर्गीकरण बरोबर की चूक, यावर माझे मत स्वतंत्र लेखात मांडीन. पण आमच्यावर आरोप होतो की तुम्ही बाबासाहेब फक्त आपल्या घरात ठेवले. अण्णाभाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा त्याच तमाशाला लोकनाट्य म्हणून कामगारांसमोर उभे केले. त्यांचा फोटो आपण लावतो, कारण ते पुरुष आहेत आणि साहित्यिक आहेत. विठाबाईंच्या वेळी मात्र काकांना जात आठवली. बैठकीला मातंग समाजातला आपला एक कार्यकर्ता हजर होता. तो काही बोलला नाही, चहाचे कप गोळा करून आत गेला.

पुढची बैठक रविवारी आहे. फलकाचा मजकूर मी लिहून नेणार आहे. नाव पूर्ण असेल, 'मांग' या शब्दासकट. त्या शब्दाबद्दल आधी त्या मित्राला विचारणार आहे, तो नको म्हणाला तर तो शब्द जाईल. जन्म, मृत्यू, दोन पदके, फडाचे नाव. नाळेची गोष्टही असेल आणि तिच्याखाली १९२८ च्या भाषणाची तारीख. मानधनाचा अर्ज कसा भरायचा आणि कोणते कागद लागतात, हे छापलेले पत्रक त्याच टेबलावर ठेवू. उत्सव चौकाकडून येणाऱ्या मिरवणुकीत बाहेरगावच्या पुष्कळ बायका असतात, त्यांच्यापैकी एखादीची आई किंवा मावशी फडात राबलेली निघेल. त्या इंजिनीअरिंगच्या मुलाला मी टेबलावर बसायला सांगितले आहे. तो अजून हो म्हणालेला नाही.